नाद तुझा, कान दुसऱ्याचे

पत्र :

ताई, नमस्कार. वय २८, राहणार कोल्हापूर. चप्पल लाइनीत आमचं दुकान आहे, वडिलांबरोबर मी बसतो. मला दोन नाद आहेत. एक, व्हिडिओ गेममधलं संगीत. गेम खेळणं आता कमी झालंय, पण संगीत रोज ऐकतो, संगीतकारांची नावं पाठ आहेत. दुसरा, चांगल्या असूनही कुणी न बघितलेल्या, बंद पडलेल्या विनोदी टीव्ही मालिका. अडचण अशी की हे बोलावं असं जवळ कुणी नाही. दुकानात लावलं तर वडील म्हणतात, "ती टिंवटिंव बंद कर, गिऱ्हाईक पळंल." मित्रांना घरी बोलवून 'पोलीस स्क्वाड'चा एक भाग दाखवला, मध्येमध्ये थांबवून विनोद समजावून सांगितले, तरी कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "भावा, हसायचं कुठं तिथं पाटी लाव." दिवाळीत माझी सोयरीक ठरली. होणाऱ्या बायकोला ४० ट्यून्सची यादी पाठवली, प्रत्येकीखाली माहिती लिहून. उत्तरात नुसता अंगठा आला. ती फुटबॉलवेडी आहे, पाटाकडील तालमीच्या संघाची कट्टर. मला मॅचचे व्हिडिओ पाठवत असते, पण मला त्यात रस नाही. लग्नानंतर हे सगळं सोडून द्यावं का? की तिला आवड लावायचा काही मार्ग आहे?

– एकटा चाहता

उत्तर :

सोडायचं कशाला? हा प्रश्न आधीच निकालात काढू. दारू नाही, जुगार नाही, कुणाच्या पैशाला हात नाही. माणूस दिवसा दुकानात बसतो आणि रात्री जुन्या मालिका बघतो. शर्यतीच्या बैलांपायी घरादाराची झोप उडवणारी माणसं असलेल्या जिल्ह्यात तुझ्या या प्रकाराला कुणी नाद म्हणून मोजणारसुद्धा नाही.

तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण 'हे पोरकट तर नाही ना' ही शंका पत्रात डोकावते. नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२३ मध्ये 'सुपर मारिओ'ची चाल घेतली. त्या यादीतलं ते पहिलं गेम-संगीत. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी गेमच्या संगीतावर, आणि सुरुवातच 'ड्रॅगन क्वेस्ट'नं झाली. 'सिव्हिलायझेशन ४' या गेमच्या स्वाहिली प्रार्थनागीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाला. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत असणार. त्या ४० ट्यून्सच्या खाली तू हेच लिहिलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

आणि घोटाळा तिथंच आहे. प्रशस्तिपत्रक दाखवून चाल कुणाच्या गळी उतरत नाही. कुणाला ग्रॅमी मिळाला हे वाचून त्या मुलीनं काय करायचं? अभिनंदन? तिनं अंगठा पाठवला. मला तर ते सौजन्याचंच वाटलं.

आता तू ऐकवतोस कसा ते सांगते. मी काही तुझ्या घरी आले नव्हते, पण या जातीच्या माणसांबरोबर माझा बराच काळ गेलाय. मोबाईल समोरच्याच्या कानाजवळ धरायचा. आपण ऐकायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. "थांब, आता येतंय, आता बघ…" म्हणत एक बोट वर करायचं. ती जागा आली की भुवया उडवायच्या. समोरचा बिचारा तोपर्यंत चाल ऐकायचं सोडून चेहरा कसा करावा या विवंचनेत पडलेला असतो. संपल्यावर "भारी आहे" म्हणतो आणि घड्याळ बघतो. त्यानं ऐकलंच नाही रे. त्यानं परीक्षा दिली.

मालिकेचं तर तू फारच वाटोळं केलंस. 'पोलीस स्क्वाड' १९८२ ची अमेरिकन मालिका. सहा भागांत गुंडाळली, तेव्हा चॅनेलच्या बड्या साहेबानं दिलेलं कारण अजून सांगतात, की ही मालिका बघणाऱ्याला लक्ष देऊन बघावी लागते! म्हणजे तिचा विनोद कुणी पुढं येऊन सांगत नाही. मागच्या हशाचा आवाज नाही, नट गंभीर तोंडानं काहीही बोलतात आणि कोपऱ्यात काहीतरी घडून जातं. शेवटची ती गंमत घे. त्या काळच्या मालिकांत भाग संपताना चित्र एकदम गोठायचं आणि त्यावर नावं यायची. इथं चित्र गोठतच नाही, नट नुसते पुतळ्यासारखे उभे राहतात. एका भागात कॉफी ओतता ओतता थांबलेत आणि कॉफी कप भरून खाली वाहतेय तरी हलत नाहीत. आता तूच सांग, चालू चित्रात थांबलेली माणसं हाच विनोद असताना तू तिथं व्हिडिओ थांबवलास तर उरलं काय? पडद्यावर सगळंच थांबलं! त्या पाटीवाल्या मित्राला माझ्यातर्फे चहा पाज. त्या संध्याकाळचा एकमेव विनोद त्यानं केला.

दुसऱ्याला दाखवायचंच असेल तर लाव आणि स्वतः बघ. खरोखर बघ, त्यांच्याकडे पाठ करून. तुला हसू आलं तर हस. नाही कुणी हसलं तर जेवायला वाढ.

संगीताचं जरा जास्त सांगते, कारण तिथं तुझ्या हातात सोय आहे आणि तू ती वापरत नाहीस.

गेमचं संगीत बसून ऐकायला केलेलंच नव्हतं. हात दुसऱ्या कामात गुंतलेल्या माणसासाठी ते केलेलं. खेळणारा एका टप्प्यात दहा सेकंद राहील की दहा मिनिटं, हे संगीतकाराला ठाऊक नसतं. म्हणून चालीला शेवट नाही, ती फिरून स्वतःच्या तोंडाशी येते, आणि शंभराव्यांदा आली तरी डोकं उठू नये अशी बेतलेली असते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तर खाली उतरणारे चारच स्वर होते. शत्रू कमी होतील तसे ते घाई करायचे आणि खेळणाऱ्याच्या हाताला घाम फुटायचा. १९८५ च्या 'मारिओ'च्या वेळी संगीतकार कोजी कोंडो यांच्या हाताशी मोजून पाच आवाज होते. दोन चाल वाजवायला, एक खर्जाला, एक खरखरीचा, त्यातून ताल काढायचा, आणि पाचवा बारीकसारीक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. अख्खा गेम ४० किलोबाइटांचा, संगीत त्यातल्याच एका कोपऱ्यात. तुझ्या वडिलांनी सकाळी कुणाला पाठवलेलं सुविचाराचं चित्र त्याहून जड असेल. गेममधल्या घड्याळात शंभराच्या आत वेळ उरली की तीच चाल धावायला लागते. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओ त्या हिरव्या योशी डायनासोरच्या पाठीवर बसला की चालीत ढोलकीसारखा ताल मिसळतो, उतरला की गप्प. खेळणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. त्याच्या अंगाला कळतं.

मग अशा संगीताला तू गादीवर बसवून, समोर श्रोता धरून, वर माहितीपत्रक देऊन कसा न्याय देणार? तू पत्रासोबत पाठवलेल्या लिंकांपैकी पहिली मी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या मिनिटाला कंटाळले. दुसरी लावून मेथी निवडायला बसले. जुडी संपली तरी चाल चालूच होती, आणि ती बंद करायला हवी हे माझ्या लक्षातही आलं नाही. पुढचा अर्धा तास मी तीच गुणगुणत होते. नाव बघितलं नाही, अजूनही बघणार नाही.

तर दुकानाचं. वडिलांचं चुकत नाही. गिऱ्हाईक नव्या चपलेचा करकर आवाज ऐकत, दर पाडून मागत असतं, तेव्हा मागं राक्षसाबरोबरच्या शेवटच्या लढाईचं संगीत वाजायला लागलं तर ते पळणारच. तू तसलंच लावत असणार, कारण चाहत्याला कायम सगळ्यात जोरकस तुकडा दाखवायची हौस. अरे, गेममध्ये दुकानं असतात आणि दुकानांचं वेगळं संगीत असतं, हे मी तुला सांगायचं? निन्टेंडोच्या 'वी' या गेमयंत्रावर २००६ मध्ये गेम विकत घ्यायचं जे दुकान निघालं, त्याची संगीतकार काझुमी तोताका यांनी केलेली चाल घे. ते दुकान २०१९ च्या जानेवारीत कायमचं बंद झालं, लोक चाल अजून लावून बसतात. तू ती हळू आवाजात, दुपारी गर्दी नसताना लाव. वडिलांना काही बोलू नकोस. आठवडाभरात त्यांनी बोटानं काउंटर वाजवला तरीही बोलू नकोस. तेव्हा तर मुळीच नको. आणि त्यांचा सकाळचा भक्तिगीतांचा तास आहे तसा राहू दे, त्यात तुझं काही घुसवायला जाऊ नकोस. (सगळेच वडील टिंवटिंवीच्या विरोधात नसतात, हे जाता जाता. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं संगीत गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांनीच करून दिलं होतं. तुझ्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नये, पण माहीत असू दे.)

या तोताकांची अजून एक गोष्ट आहे. तू ती रंगवून सांगत असशील, पण तिच्यातून घ्यायचं ते घेतलेलं दिसत नाही. या माणसानं एकोणीस स्वरांची एक बारकीशी चाल स्वतःच्या गेमांत वर्षानुवर्षं लपवून ठेवली. १९९२ च्या 'मारिओ पेंट'मध्ये पहिल्याच पडद्यावरच्या नावातलं 'ओ' अक्षर दाबलं की ती वाजते. १९९३ च्या 'लिंक्स अवेकनिंग'मध्ये एका वाड्यात काहीही न करता अडीचेक मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. उभं कोण राहणार? पण कुणीतरी राहिलं. खाली चार ओळींची माहिती नव्हती, "आता येतंय बघ" नव्हतं. ज्याला सापडली तो वेडा झाला, आणि मग इतर गेमांतही लोक ती हुडकायला लागले. तुझ्या ४० ट्यून्सपैकी ३९ परत घे. एक ठेव, तीही नाव न सांगता. होणाऱ्या बायकोला गाडीवरून सोडायला जाशील तेव्हा फोनची रिंग म्हणून वाजू दे. तिनं "हे काय रे?" म्हटलं तर एका वाक्यात उत्तर दे. एका! दुसरं वाक्य तिनं विचारलं तरच.

आता तुझ्या दुसऱ्या यादीबद्दल माझी एक तक्रार. दुर्लक्षित विनोदी मालिकांची यादी तू पत्रासोबत हौसेनं जोडलीस, सगळी नावं इंग्रजी. दुर्लक्ष व्हायचेही दोन प्रकार असतात. एक तुझ्या लाडक्या मालिकेचा, म्हणजे तेव्हाच कुणी बघितली नाही. आपल्याकडे 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चं २००४ ते २००६ मध्ये तेच झालं. चालू होती तेव्हा बघणारे थोडे, बंद झाल्यावर पारायणं करणारे ढीगभर. दुसरा प्रकार मला जास्त लागतो. त्या वेळी सगळ्यांनी बघितली, घराघरांत लोक हसले, आणि मग पुढच्या पिढीच्या कानावर नावसुद्धा आलं नाही. 'चिमणराव'मधली दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी ज्यांनी दूरदर्शनवर बघितली, त्यांना अजून चिमणराव-गुंड्याभाऊ म्हटलं की तेच दोन चेहरे आठवतात. जसपाल भट्टींचा १९८९ चा 'फ्लॉप शो' अवघ्या दहा भागांचा. त्याच्या सुरुवातीच्या नावांतही ते स्वतःचीच टर उडवतात. आणि तुझ्या आजच्या अवस्थेला अगदी लागू असा 'मिस्टर योगी', तोही १९८९ चा. केतन मेहतांचं दिग्दर्शन, ओम पुरी सूत्रधार, आणि आपले मोहन गोखले अमेरिकेहून बारा राशींच्या बारा मुली बघायला आलेला उतावळा नवरा. मोहन गोखले बावळट आणि बनेल एकाच चेहऱ्यानं कसे दिसायचे, ते प्रत्यक्ष बघ. मी लिहून काय होणार?

तुझे वडील तेव्हा पंचविशी-तिशीत असतील. रविवारी दुकान बंद असेल तेव्हा त्यांना फक्त एवढंच विचार, "पप्पा, 'मिस्टर योगी' बघितला होता काय तुम्ही?" आणि मग पुढचा तासभर तू ऐकायचंस. 'एकटा चाहता' अशी सही करणाऱ्यानं आधी घरातली माणसं तरी मोजावीत.

बाहेरची माणसंही सापडतील, पण तू चुकीच्या दारात उभा आहेस. नुसते गेम खेळणारे मित्र कामाचे नाहीत, वाजवणारे हवेत. आपल्याकडे नाट्यपदं एका विशिष्ट प्रसंगासाठी, विशिष्ट पात्राच्या तोंडी घातलेली होती. नाटकं बंद पडली तरी पदं टिकली, कारण गवयांनी ती मैफलीत नव्यानं गायली, पेटीवाल्यांनी वाजवली. गोविंदराव टेंबे पेटीतले दिग्गज, संगीत नाटकात रमलेले, आणि १९३२ मध्ये इथं कोल्हापुरात 'प्रभात'नं पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा त्याचं संगीतही त्यांनीच केलं. नवं माध्यम म्हणून नाक मुरडलं नाही. तुझ्या गेमवाल्यांचंही तसंच. 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ चा, आणि त्याचे संगीतकार सुगियामा यांनी दुसऱ्याच वर्षी त्याचं संगीत वाद्यवृंदासह मंचावर नेलं. तेव्हा गल्लीतला कीबोर्डवाला गाठ, गणपतीत बासरी वाजवणारा पोरगा गाठ. त्यांना 'मारिओ'चा इतिहास सांगू नकोस. "पाच आवाजांत एवढं कसं बसवलंय, काढून दाखव बघू," एवढं म्हण. वाजवणाऱ्याला असलं आव्हान दिलं की तो रात्रभर झोपत नाही.

राहिली होणारी बायको, आणि इथं मात्र मी तुला सोडणार नाही. तिला आवड कशी लावू म्हणून विचारतोस, आणि त्याच पत्रात तिनं पाठवलेल्या मॅचच्या व्हिडिओंबद्दल "मला त्यात रस नाही" एवढ्या चार शब्दांत विषय संपवतोस. कोल्हापुरात राहून! तिनं निदान अंगठा तरी पाठवला. तू तेवढंही केलेलं दिसत नाही.

बाबा रे, तुझ्यासमोर तुझ्यासारखाच एक नादिष्ट माणूस बसलाय आणि तुला पत्ता नाही. तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ असलेलं, पेठ पेठेच्या विरुद्ध उभी राहणारं हे गाव. बाहेरच्याला सांगायला गेलं तर पहिल्यांदा त्याला खरंच वाटत नाही. म्हणजे दुसऱ्याला कसं समजावू ही अडचण तिलाही असणारच. तिच्याबरोबर शाहू स्टेडियमवर जा. काही विचारू नकोस, मॅच चालू असताना तर नकोच. ती ओरडेल, समोरच्या दिलबहार संघवाल्यांना काहीबाही बोलेल, एखादा पास चुकला की कपाळावर हात मारेल. तू मैदानाकडे बघ, तिच्या तोंडाकडे नको. तिथल्या आवाजात तुझ्या कानाला काहीतरी नक्की सापडेल; गोल व्हायच्या आधी सगळ्या स्टेडियमचा सूर कसा चढत जातो ते 'स्पेस इन्व्हेडर्स'वाल्या माणसाला मी काय सांगू. पण हे तिला लगेच सांगायची घाई करू नकोस. भेळ खाताना सांग, तेही सांगावंसं वाटलं तर.

फुटबॉल नाहीच आवडला, तर नाही आवडला. तिलाही तुझी टिंवटिंव कधीच आवडणार नाही, असं होऊ शकतं. संसार त्यावाचून अडत नाही. घरात दोन हेडफोन घ्या, एका टीव्हीवर मॅच असेल त्या दिवशी तू मोबाईलवर बघ. तुझ्या मालिका काय, बंदच पडलेल्या आहेत, एक दिवस थांबल्या तर कुठं पळून जात नाहीत.

लग्नाची तारीख तू लिहिली नाहीस, पण वरात निघणार आणि बेंजो लागणार हे गृहीत धरते. बेंजोवाल्याला आधीच गाठून तोताकांची ती एकोणीस स्वरांची चाल ऐकवून ठेव. दोन गाण्यांच्या मध्ये, नाचणारे दम खात असतील तेव्हा, एकदाच वाजवायला सांग. कार्यक्रमपत्रिकेत लिहू नकोस, कुणाला खुणावू नकोस. त्याच्या आधी किंवा नंतर पाटाकडीलवाल्यांचं जे काय वाजायचं असेल ते वाजू दे, ती मंडळी वरातीत असणारच आणि त्यांच्याशी वाद घालायचा तो दिवस नव्हे. आणि एवढ्याशा तुकड्यासाठी बेंजोवाला जादा पैसे मागायला लागला, तर ॲडव्हान्स द्यायच्या आधीच ठरवून घे. नंतर तो ऐकत नाही.

– ताई